ग्राहक, ग्राही आणि उंबऱ्यावरचा निरोप

कोल्हापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. 'रिसेप्टर'ला, म्हणजे संकेत धरणाऱ्या पेशीतल्या रेणूला, त्या वर्गात 'ग्राही' म्हणतात. मुलं पेपरात 'ग्राहक' लिहितात आणि खोडलं की "बाई, अर्थ एकच की!" म्हणून हुज्जत घालतात. गुण द्यायचे का? आणि जाता जाता दुसरा प्रश्न : 'सिग्नल ट्रान्सडक्शन'ला, म्हणजे बाहेरच्या संकेताने पेशीच्या आत काम सुरू होतं त्या क्रियेला, 'संदेशवहन' चालेल का?

पहिल्याचं उत्तर : द्या. दुसऱ्याचं : मुळीच चालणार नाही. बाईंना दुसरा प्रश्न किरकोळ वाटला असावा. मला तोच खरा वाटतो.

पहिला हातावेगळा करू. दोन्ही शब्द 'ग्रह्' धातूचे. धरणं, पकडणं, घेणं. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादात १३३वं सूत्र आहे 'ण्वुल्तृचौ'. त्यातल्या ण्वुल् प्रत्ययाने 'ग्राहक' होतो. लगेच खालचं १३४वं सूत्र 'नन्दिग्रहिपचादिभ्यो ल्युणिन्यचः'. त्यात ग्रह् धातूचं नावच घेतलंय आणि त्याला णिनि लावून मिळतो 'ग्राही'. म्हणजे शेजारशेजारच्या सूत्रांत जन्मलेले हे सख्खे भाऊ. व्याकरणाने मुलं चुकलेली नाहीत. फक्त धाकट्याला विज्ञानाने ठेवून घेतलं आणि थोरला बाजारात गेला, तिथे त्याचं 'गिऱ्हाईक' झालं. ग्राहक म्हटलं की महाद्वार रोडवरची गर्दी डोळ्यांपुढे येते, पेशीच्या आवरणातलं प्रथिन येत नाही. एवढ्यासाठीच 'ग्राही' बरा. आपलं रोजचं 'घेणे'सुद्धा याच घरातलं : गृह्णाति, मग प्राकृतात गेण्हइ, मग त्यातला ह पुढे सरकून ग ला चिकटला आणि घ झाला. ज्यांना 'ग्राही' हा शब्द बोजड वाटतो त्यांनी दिवसातून किती वेळा 'घे' म्हणतो ते मोजावं.

'ग्राही'ला एकच खोड आहे आणि ती वैद्यमंडळी लगेच दाखवतील. आयुर्वेदात 'ग्राही' म्हणजे मळ बांधणारं औषध. सुंठ, जिरं वगैरे. आता गंमत बघा. पटकी (कॉलरा) होते ती कशाने? पटकीच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशीवरच्या एका ग्राहीला चिकटतं, तिथून आत शिरतं आणि आतलं, खूण पुढे देणारं जी-प्रथिन 'चालू' स्थितीतच अडकवून ठेवतं. ते बंद होईना झालं की सायक्लिक एएमपी हा पेशीतला छोटा रेणू वाढत जातो, क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्यामागे पाणी. एका शास्त्रातला ग्राही जुलाब थांबवतो, दुसऱ्या शास्त्रातला ग्राही धरला की जुलाब सुरू होतात. परिभाषा ठरवणाऱ्यांना याची कल्पना होती की नाही कोण जाणे.

आता 'वहन'.

मधुमेहाच्या शिबिरात, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य मी सतत ऐकत आलोय : "इन्सुलिन रक्तातली साखर वाहून पेशीत नेतं." ऐकलं की डोकं फिरतं. इन्सुलिन साखरेला हात लावत नाही हो! ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला, स्वतःच्या ग्राहीवर जाऊन बसतं. त्या ग्राहीचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेर इन्सुलिन बसलं की ग्राहीची ठेवण बदलते आणि आतलं टोक जागं होऊन स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं, टायरोसिन या अमिनो आम्लावर. मग शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेट, त्याने पुढच्याला खूण, अशी साखळी. शेवटी स्नायूच्या किंवा चरबीच्या पेशीत, आतल्या पिशव्यांमध्ये पडून असलेलं ग्लुट-४ नावाचं प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. वहन कुणी करत असेल तर हे ग्लुट-४ करतं. वाहक ही पदवी त्याची आहे, ती काढून इन्सुलिनला देणं हा अन्याय आहे. आणि हा गोंधळ माझ्या मते सरळ सरळ 'संदेशवहन' या शब्दाने पेरलेला आहे. 'वहन' म्हटलं की डोळ्यांसमोर तीच वस्तू इथून उचलून तिथे ठेवलेली दिसते. पेशीच्या दारात नेमकं तेच घडत नसतं.

हे उघड झालं त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. अर्ल सदरलँड हे अमेरिकन शास्त्रज्ञ. ॲड्रिनलीन या संप्रेरकाने (हार्मोनने) यकृतातली साठवलेली साखर मोकळी कशी होते हे ते शोधत होते. १९५०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशी चक्क भरडल्या. त्या भरड्यातून पेशीच्या आवरणाचे तुकडे वेगळे काढून टाकले की उरलेल्या रसावर ॲड्रिनलीन काही म्हणता काही करेना. मग त्यांनी नुसत्या आवरणाच्या तुकड्यांत ॲड्रिनलीन घातलं. तिथे एक नवाच पदार्थ तयार झाला. तापवला तरी न मरणारा. तो त्या निवळ रसात टाकला आणि साखर मोकळी करणारं विकर (एन्झाइम) कामाला लागलं! ॲड्रिनलीन आत गेलंच नव्हतं. आत गेला तो दुसराच कुणीतरी : सायक्लिक एएमपी. सदरलँडना १९७१चं नोबेल मिळालं. त्या दुसऱ्याला त्यांनी दिलेल्या 'सेकंड मेसेंजर' या नावाचं आपल्याकडे 'द्वितीय संदेशवाहक' केलेलं आहे. 'दुसरा निरोप्या' म्हणायला काय झालं होतं?

इथे एक व्युत्पत्तिवाले गृहस्थ मला नेहमी आडवे येतात. त्यांचं म्हणणं, लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'डूकेरे' म्हणजे नेणं. तेव्हा मूळ शब्दातच 'नेणं' आहे, 'वहन' काय वाईट? वाईट हेच की शब्द जन्मला कुठे एवढंच हे पाहतात, तो कुणाच्या घरी वाढला हे पाहत नाहीत. संप्रेरकांच्या अभ्यासात हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ मार्टिन रॉडबेल यांनी रुजवला तो अभियंत्यांकडून, माहितीशास्त्राकडून. ग्राही आणि आतलं विकर यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी असणार, त्याला त्यांनी 'ट्रान्सड्यूसर' म्हटलं. पुढे ते तिसरं म्हणजे जी-प्रथिन निघालं आणि १९९४मध्ये रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना नोबेल मिळालं. आणि अभियंत्याच्या भाषेत ट्रान्सड्यूसर म्हणजे नेणारा नव्हे, बदलणारा. भजनी मंडळाचा माइक हा ट्रान्सड्यूसर आहे. बुवांचा आवाज तारेतून जात नाही, आवाजाची वीज होते. लॅटिन कोश उघडून बसणाऱ्यांनी कधीतरी मंडपवाल्यालाही विचारावं.

मग मराठीत काय म्हणायचं? 'संकेत-पारक्रमण' असंही वाचलंय. ते वाचून समुद्र ओलांडणारा हनुमान आठवतो, पेशी नाही.

माझं मत वाचकांना आवडो न आवडो, आपल्याकडे शब्द तयार आहे आणि तो रोजच्या तोंडातला आहे : निरोप. आज त्याची दशा अशी की निरोप म्हणजे फक्त 'निरोप समारंभ'. शाल, नारळ, गहिवरलेली भाषणं. पण शब्द उकलून बघा. निरोप हा 'निरूप'चा. त्यात 'रूप' आहे! निरूपण म्हणजे आशयाला शब्दांचं रूप देणं. कीर्तनकार करतात ते. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणं. आणि आमच्या कोल्हापूरकरांना तर निपाणी ओलांडली की पुरावा मिळतो, कारण कानडीत 'निरूप' म्हणजे हुकूम, राजाज्ञा. आता धागा जुळवा. निरूप म्हणजे आज्ञा; आज्ञा कळवायची म्हणून निरोप म्हणजे सांगणं; आणि जायची आज्ञा मागायची म्हणून 'निरोप घेणे'. 'येतो' म्हणताना आपण खरं तर परवानगी मागत असतो. हुकूम, सांगणं आणि निघून जाणं, तिन्ही एका शब्दात. संप्रेरक दुसरं काय करतं? येतं, हुकूम देतं, ग्राहीवरून सुटतं. आणि मधल्या मध्ये हुकुमाचं रूप पालटलेलं असतं. मला तर हा शब्द पेशीसाठीच घडवलाय असं वाटतं. काही मंडळी 'निरोप'ला 'रोपणे'शी, म्हणजे रोप लावण्याशी जोडू पाहतात. रोपवाटिका काढायची असेल तर जोडा.

आमच्या पन्हाळ्याकडच्या गावांतून पूर्वी मयताचा सांगावा कसा यायचा, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. माणूस उंबऱ्याच्या आत येत नसे, पाणीही घेत नसे. बाहेरूनच दोन शब्द सांगून पुढच्या गावाच्या वाटेला लागायचा. आत मात्र एकीने चूल विझवली, एकजण मळ्यात धन्याला बोलवायला पळाला, तिसऱ्याने बैल सोडले. सांगाव्याचे शब्द उंबऱ्यावरच राहिले, आत शिरली ती धावपळ. आणि धावपळ शब्दांपेक्षा कितीतरी मोठी. पेशीतही अगदी तसंच होतं : एक ग्राही जागा झाला की आत सायक्लिक एएमपीचे असंख्य रेणू, त्यातून जागं झालेलं प्रत्येक विकर पुढच्या अनेकांना जागं करतं. हे वाढत जाणं 'वहना'त कुठे बसतं? वाहून नेलेल्या मालाची वाटेत घट होते, वाढ होत नाही.

शिवाय निरोपाचा अर्थ घरागणिक बदलतो. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागायच्या आधी पैलवानाच्या रक्तात ॲड्रिनलीन उसळतं. हृदयाला निरोप पोचतो : जोरात चाल. श्वासनलिकांच्या स्नायूंना : सैल पडा. कातडीतल्या रक्तवाहिन्यांना : आवळा. यकृताला : साखर सोड. रेणू एकच! फरक ग्राहीचा आणि ग्राहीमागच्या साखळीचा. बीटा जातीचे ग्राही एक ऐकतात, अल्फा जातीचे दुसरं. संदेश 'वाहून' नेला असता तर सगळीकडे एकच पोचला असता.

तेव्हा परिभाषेत 'संकेत-रूपांतरण' लिहा. हा कोरडा पण निर्दोष शब्द आहे आणि परीक्षेत त्याला कुणी गुण कापणार नाही. वर्गात बोलताना 'निरोप पालटणं' म्हणा. मला स्वतःला 'निरोपण' हवा आहे. रोपण आणि निरूपण यांच्यात घोटाळा होईल म्हणून तो कुणी घेत नाही. आणि 'हार्मोन'ला 'संप्रेरक' म्हणायला लाजू नका. १९०५मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो इंग्रजी शब्द वापरात आणला तो ग्रीकमधल्या 'चेतवणे, हलवून सोडणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्या 'प्रेर'मध्ये 'ईर्' धातू आहे, त्याचाही अर्थ हलवणं, चालवणं. वाऱ्याला 'समीर' म्हणतात तो याच धातूने. भाषांतर करणाऱ्याने इथे डोकं वापरलं होतं. 'पेशी'च्या बाबतीत नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, मराठी विश्वकोश 'कोशिका' लिहितो ते शास्त्राला धरून आहे. पण ते भांडण आपण केव्हाच हरलोय.

एक सूट मात्र देतो. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन यांसारखी स्टेरॉइड जातीची संप्रेरकं चरबीत विरघळतात, त्यामुळे पेशीचं आवरण त्यांना अडवत नाही. ती स्वतःच आत जातात, त्यांचे ग्राही आतच बसलेले असतात, आणि जोडी थेट डीएनएपर्यंत पोचते. नायट्रिक ऑक्साइड तर वायूच. तोही रक्तवाहिनीच्या अस्तरातून शेजारच्या स्नायूपेशीत बिनदिक्कत शिरतो आणि तिला सैल सोडतो; छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हाच वायू सोडते. आवरण ओलांडण्यापुरतं, या मंडळींसाठी 'संदेशवहन' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.