मलप्रभेतला बाप्तिस्मा, बीपीची गोळी आणि बाकीची पत्रं

या महिन्यात पत्रं बरीच आलीत आणि गंमत बघा, खानापूर, निपाणी, बेळगाव, तिन्हीकडच्या पत्रांत एकच शब्द आहे, खोटं शिक्षण. कुणाचं खोटं ते मात्र प्रत्येकाचं वेगळं. नावं छापत नाही, आपली मंडळी, म्हणजे चर्च, केवढी ती, रविवारी परत एकाच बाकावर बसायचं असतंय.

"सर, सलाम. माझी नणंद आणि तिचा नवरा वर्षभर झालं बेळगावच्या एका प्रार्थना हॉलला जातात. मे महिन्यात त्यांनी मलप्रभेत परत बाप्तिस्मा घेतला. आता म्हणालेत, लहानपणी डोक्यावर पाणी घातलेला तो बाप्तिस्माच नव्हे, तुमचे पाळक खोटं शिक्षण देतात. आमचे पाळक म्हणतात खोटे शिक्षक तेच. नाताळच्या करंज्या करायला पण नणंद आली नाही, सासूबाई रडालेत. खरं कोण?" (खानापूर तालुका)

ताई, हे भांडण तुमच्या घरात सुरू झालेलं नाही, 500 वर्षांचं जुनं आहे. 1525 मध्ये झुरिकला काही लोकांनी म्हटलं की बाळाला काय कळतंय, विश्वास कळत्या वयात ठेवायचा असतो तर बाप्तिस्मापण तेव्हाच, आणि एकमेकांना परत बाप्तिस्मा दिला. तिथल्या नगरसभेनं काय केलं माहितीये? 1527 च्या जानेवारीत फेलिक्स मान्झ नावाच्या त्यांच्या एका पुढाऱ्याला लिमाट नदीत बुडवून मारलं. आणि हे करणारे पोपचे लोक नव्हेत हं, सुधारणावादी, म्हणजे आपल्याच प्रॉटेस्टंट बाजूचे. तुला पाणीच पाहिजे ना, घे पाणी, असला तो हिशोब. तेव्हा खोटं शिक्षण हा शब्द तोंडातून काढताना मला ती नदी आठवते, काय करू.

आता शास्त्रात बघायचं तर दोन्हीकडच्यांना धरायला जागा आहे. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत 16 व्या अध्यायात लुदियाचा आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा "घरच्यांसकट" बाप्तिस्मा झाला, आमची मंडळी म्हणते घरात पोरंबाळं असणारच की. तुमची नणंद म्हणेल लिहिलंय कुठं पोरं होती म्हणून, आणि खरंच लिहिलेलं नाही. पाण्याचं म्हणाल तर दिदाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या मंडळीचं एक लहानसं पुस्तक आहे, त्यात सरळ सांगितलंय की वाहत्या पाण्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर गरम, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. एवढी सोय त्या लोकांनी ठेवलेली आणि आपण मे महिन्यातल्या मलप्रभेत, जिथं धड गुडघाभर पाणी नसतंय, माणूस पूर्ण बुडाला की नाही यावर भांडालोय.

आणि हे एका मंडळीत नांदू शकतं. 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन पण आले आणि न देणारे बाप्टिस्ट पण आले, दोन्ही पद्धती मान्य करून. कटकटी झाल्या असतील, घर आहे म्हटल्यावर होणारच, पण कुणी कुणाला पाखंडी म्हणून हाकललं नाही.

माझं मत विचाराल तर बाळाचा बाप्तिस्मा मला पटतो, माझ्या पोरांचा केलाय, आणि दुसऱ्यांदा घेणं ही नणंदेची चूक आहे असं मी तिच्या तोंडावर पण सांगेन. पण चूक आणि खोटं शिक्षण यात फरक आहे. शास्त्रात खोटे शिक्षक कुणाला म्हटलंय ते बघा, पुनरुत्थान होऊन गेलं म्हणणारे हुमनाय आणि फिलेत, ख्रिस्त देह धरून आला हे नाकारणारे, पैशासाठी लोकांना गोड बोलून फसवणारे. पाणी किती याच्यावरून कुणालाच नाही. उलट पौल करिंथकरांना म्हणतो, ख्रिस्तानं मला बाप्तिस्मा द्यायला नाही पाठवलं, सुवार्ता सांगायला पाठवलं. एक आणखी सांगतो, थोडं कडू आहे. आपल्या भागात पाळक लोक एकमेकांना खोटे शिक्षक कधी म्हणतात ते जरा लक्ष ठेवून बघा, बहुतेक वेळा चार घरं इकडची तिकडं गेलेली असतात आणि त्याबरोबर त्यांचा दशांशपण, म्हणजे कमाईतला मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा.

करंज्यांचं म्हणाल तर डबा भरून तुम्हीच जा. नाताळ करणं मूर्तिपूजा असं तिला हॉलमध्ये शिकवलं असेल तर डबा नाताळनंतर न्या.

"सर, आमच्याकडं एक ग्रुप येतो, ते म्हणतात त्रैक्य हा शब्द बायबलात नाही, बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावानं घ्यायचा. हे पण लहान गोष्टीतच धरायचं का? मी विचारलं तर आमच्या तरुण संघात मलाच पाखंडी म्हणालेत." (निपाणी)

नाही बाबा, हे लहान नाही. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. येशू कोण, हे हातातून निसटलं तर बाकी सगळं निसटतं.

अलेक्झांड्रियात अरियस म्हणून एक पाळक होता, तो म्हणायचा पुत्र मोठा आहे पण निर्माण केलेला आहे, एक वेळ अशी होती की पुत्र नव्हता. लोकांना चालीवर गाणी करून शिकवायचा म्हणे, त्यामुळं पटकन पसरलं (चांगल्या चालीपासून सावध राहा असं मी गायनमंडळाला नेहमी सांगतो, हसतात). 325 मध्ये निकाया गावाला बिशप जमले आणि ठरलं की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, निर्माण केलेला नव्हे. पण ठरलं म्हणजे मिटलं असं नव्हतं. पुढं सम्राटच अरियसवाल्यांच्या बाजूला झुकले आणि निकायाची बाजू धरणाऱ्या अथनाशियसला पाचदा हद्दपार केलं. म्हणजे मताधिक्य कुणाकडं आहे यावरून खरं खोटं ठरवायला गेलात तर त्या काळात तुम्ही अरियसकडं गेला असता.

तुमच्याकडं येणारा ग्रुप मात्र अरियसच्या उलट टोकाचा दिसतोय. ते येशूला देव मानतात, पण पिता, पुत्र, आत्मा ही एकाचीच तीन रूपं म्हणतात, तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेल्लियस असंच म्हणायचा. पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या लोकांतच हा वाद 1913 च्या सुमारास अमेरिकेत उठला आणि 1916 ला त्यांच्यातल्या असेंब्लीज ऑफ गॉड या मंडळीनं त्रैक्य लेखी मांडलं तेव्हा दीडशेच्या वर सेवक बाहेर पडले. तेव्हा सगळे पेंटेकॉस्टल तसलेच असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. अरियसच्या जवळ जाणारे म्हणजे यहोवाचे साक्षीदार. त्यांचं शिक्षण मला मुळीच मान्य नाही, पण 1986 मध्ये केरळच्या त्यांच्या तीन पोरांची केस सुप्रीम कोर्टात गेली, राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत म्हणून शाळेतून काढलेलं, आणि पोरं जिंकली. त्या निकालाचा आधार आज आपल्याला पण आहे.

आता तुला पाखंडी म्हणाले त्याबद्दल. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरून तिथल्या सिस्टर लोकांशी त्यांचे असे वाद झाले की त्या बिचाऱ्यांची झोप उडाली, ही बाई हातची जाते की काय. रमाबाई म्हणायच्या, कुणी सांगितलं म्हणून मानणार नाही, मला शास्त्रात दिसलं पाहिजे. त्याच बाईनं पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं. विचारणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा, हे तरुण संघाला सांग.

माझं स्वतःचं पण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. बऱ्याच वर्षांमागं एका तंबूतल्या प्रवचनकाराबद्दल मी भर मंडळीत बोललो की हा त्रैक्य नाकारतो, कुणी जाऊ नका. मी स्वतः ऐकायला गेलेलोच नव्हतो, दुधाच्या रांगेत कुणीतरी सांगितलेलं. नंतर कळलं तो म्हणालेला "त्रैक्य हा शब्द शास्त्रात नाही," आणि ते तर खरंच आहे, शब्द नाही, गोष्ट आहे. माफी मागायला त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं चहा ठेवला, ट्रंकेतून वही काढली, पहिल्याच पानावर निकायाचा विश्वासांगीकार मोडीसारख्या गिचमिड अक्षरात उतरवलेला. म्हणाला, "तुम्ही आला असता तर पुढचं वाक्य पण ऐकलं असता की." चहात साखर टाकायला विसरलेला तो, मी तसाच प्यालो.

"आमच्या फेलोशिपमध्ये माईकवर सांगितलं की बीपी-शुगरच्या गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास. आईनं पंधरा दिवस झालं बंद केल्यात. हे खोटं शिक्षण म्हणायचं का नको?" (बेळगाव)

म्हणायचं. पण ते नंतर, आईला आधी आजच डॉक्टरकडं न्या, आधीच्या गोळ्या आपल्या मनानं परत चालू करू नका, बीपी-शुगर तपासून ते सांगतील तसं करा. मग त्या माईकवाल्याला तीन प्रश्न विचारा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, त्याला धंदा सोड म्हणून पौलानं का नाही सांगितलं? तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं का लिहिलं, नुसती प्रार्थना कर का नाही? आणि त्रफिमला मिलेतात आजारी ठेवून पौल पुढं का गेला? मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, बरे झालेले पण बघितलेत. पण बरं झालं तर देवाचा महिमा आणि नाही झालं तर आईचा विश्वास कमी, ही असली वाटणी जिथं होते तिथून चप्पल घालून बाहेर यायचं. ते महाराष्ट्राचे का कर्नाटकाचे, कानडीत सांगतात का मराठीत, सगळं सारखंच.

"मुलगी आमची मेथडिस्ट, मुलगा कॅम्पातला कॅथलिक, कोकणी बोलणारा. आमचे लोक म्हणतात ते कर्मांनी तारण मानतात, खोटं शिक्षण. लग्न करावं का? मुलीला परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?" (बेळगाव)

करा. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या ज्या मुद्द्यावर 1517 पासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं फाटलं, त्यावर 1999 ला लुथरन आणि कॅथलिकांनी मिळून सही केली, 2006 ला मेथडिस्टांनी पण. सगळं मिटलं असं नाही, मारिया माता आणि पोप आहेतच, ते सासरी हळूहळू बघेल ती.

परत बाप्तिस्मा नको, पाणी आणि त्रैक्याच्या नावानं झालेला मेथडिस्ट बाप्तिस्मा ते मानतात. बिशपांची परवानगी मात्र लागते, फादर अर्ज करतील. बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा, आणि मंडळीची नोंदवही वाळवीनं खाल्ली असेल तर त्या दिवशी हजर असलेला एक भरवशाचा साक्षीदारपण चालतो. मुलीला मांडीवर घेतलेल्या काकी अजून आहेत ना?