'हार्ड अगेन': मडी वॉटर्सला त्याचा नाद परत मिळाला तो अल्बम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीतातून आलेलं गाणं) गाणाऱ्या मडी वॉटर्सचा १९७७ चा 'हार्ड अगेन' हा पुनरागमनाचा अल्बम म्हणून गाजतो, पण त्यातलं पहिलंच गाणं, 'मॅनिश बॉय', १९५५ चं आहे आणि निर्माता आहे रॉकवाला जॉनी विंटर. मग यात मडीचं नवीन काय, आणि श्रेय नेमकं कुणाचं?

'पुनरागमन' म्हटलं की वाटतं, माणूस विस्मरणात गेला होता. मडी तसा गेला नव्हता. चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या त्याच्या शेवटच्या अल्बमलाही, १९७५ च्या 'वुडस्टॉक अल्बम'लाही, ग्रॅमी मिळालं होतं. हरवला होता तो रेकॉर्डवरचा त्याचा नाद. १९६८ च्या 'इलेक्ट्रिक मड'मध्ये चेसने त्याचा स्वतःचा बँड बाजूला ठेवला, दुसरे वादक घेतले आणि त्या काळच्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखा आवाज काढणाऱ्या, गिटारींच्या गदारोळात त्याला गायला लावलं. पुढे लंडनमध्ये रॉकच्या वादकांबरोबर अल्बम झाला आणि त्यावर नंतर न्यूयॉर्कमध्ये पितळी वाद्यं चढवली गेली. त्यात वाईट वादक कुणी नव्हतं. पण मडीचं गाणं मागून येणाऱ्या ठेक्यावर रेलून, किंचित रेंगाळत चालतं. त्याचा श्वास ओळखणारे साथीदार नसले, की ते अधांतरी राहतं. त्यातच १९६९ च्या मोटार अपघातानंतर त्याला बसून गावं लागत होतं.

चेसचा कारभार आटोपला आणि मडी 'ब्लू स्काय' या लेबलकडे आला. विंटर तेव्हा बत्तिशीचा, टेक्सासचा, मडीच्या जुन्या रेकॉर्डी ऐकतच वाढलेला. ऑक्टोबर १९७६ मध्ये कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला डॅन हार्टमन या संगीतकाराच्या स्टुडिओत सगळे जमले. मडीच्या बँडमधले तिघे: पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रम्सवर विली स्मिथ, गिटारवर बॉब मार्गोलिन. दहा वर्षांपूर्वी स्वतःचा बँड काढायला बाहेर पडलेला जेम्स कॉटन हार्मोनिका घेऊन परत आला आणि येताना आपला बासवादक चार्ल्स कॅल्मीस यालाही घेऊन आला.

विंटरचं खरं काम इथे आहे. सत्तरच्या दशकात प्रत्येक वाद्य वेगळं कोंडून, वेगळ्या ट्रॅकवर, कोरडं रेकॉर्ड करायची पद्धत होती. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला, तर तो दोष मानायचे. विंटरने सगळ्यांना एकत्र वाजवायला बसवलं, ओव्हरडब, म्हणजे मागाहून वर चढवलेली वाद्यं, टाळले आणि खोलीचा घुमारा मुद्दाम पकडला. पन्नाशीच्या दशकातल्या चेसच्या रेकॉर्डी त्याला पाठ होत्या, त्यांचा जिवंतपणा कशात आहे हे त्याला ठाऊक होतं. नुसते ड्रम्स ऐका, म्हणजे ते तुमच्याही कानाला कळेल.

आता 'मॅनिश बॉय'. अख्ख्या गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलत नाही. बँड एक छोटा तुकडा वाजवून थांबतो, त्या मोकळ्या जागेत मडी ओळ टाकतो, पुन्हा तोच तुकडा. त्या थांबण्यात काय भरायचं, हा सगळा प्रश्न गायकाचा. १९५५ मध्ये चाळिशीतला माणूस मर्दानगीची बढाई मारत होता. इथे साठी उलटलेला माणूस तेच शब्द म्हणतो, आणि आवाज कुठेही कापत नाही. गाणं पाच मिनिटांहून लांबतं. मागून जो आरडाओरडा ऐकू येतो, त्यात विंटर सगळ्यांच्या वर आहे. रंगलेल्या बैठकीत 'क्या बात है' म्हणणारा जाणकार गवयाला वर उचलतो, तसं ते ओरडणं मडीला वर नेतं. माझ्या मते निर्माता म्हणून त्याने केलेली ही सर्वात मोलाची गोष्ट. वेगवान गिटारीसाठी नावाजलेला हा तरुण मडी गात असताना मागे राहतो, याला फार समज लागते.

म्हणून श्रेयाची वाटणी मी अशी करेन: नाद शोधून दिला विंटरने, गाणं मडीचं. आणि सगळं जुनंही नाही. 'बस ड्रायव्हर', 'क्रॉसआइड कॅट' आणि ब्लूजच्या पोटी रॉक अँड रोल जन्मलं असं सांगणारं 'द ब्लूज हॅड अ बेबी' ऐका. या अल्बमला ग्रॅमी मिळालंच, शिवाय नंतरच्या 'आय एम रेडी' आणि १९७९ च्या लाइव्ह अल्बमलाही मिळालं.

ऐकायचा क्रम विचाराल, तर आधी १९४८ चं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' ऐका. त्यात मडीची गिटार आणि बिग क्रॉफर्डचा बास, एवढंच. लगेच 'हार्ड अगेन'वरचं तेच गाणं लावा. मग १९६४ चा 'फोक सिंगर'. त्यात दुसरी गिटार बडी गाय या तेव्हाच्या तरुण ब्लूज गिटारवादकाची आहे. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला ज्यांनी बडीला ऐकलं, त्यांना त्या दोन काळांमधलं अंतर विशेष जाणवेल. त्यानंतर 'आय एम रेडी', कारण त्यात जुना साथीदार जिमी रॉजर्स परत येतो आणि बिग वॉल्टर हॉर्टनची हार्मोनिका आहे. १९८१ चा 'किंग बी' शेवटी ठेवा. तोवर पैशांवरून बँड फुटला होता आणि तो अल्बम पुरा करायला 'हार्ड अगेन'च्या वेळची उरलेली रेकॉर्डिंग्ज वापरावी लागली.