हजेरी कमी पडली, आता हॉलतिकिटाचं काय?

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबर आला की या पानाकडे एकाच प्रकारचे प्रश्न येतात, तुमच्या पोराची प्रिलिम जवळ आली आणि शाळेनं हजेरीचा आकडा दाखवला की सगळ्यांची झोप उडते. यावेळी त्यातले तीनच घेते, बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी दहावीत आहे, स्टेट बोर्ड. तिला सिकलसेल (रक्ताचा आजार) आहे, थंडी पडली की सांधे धरतात, महिन्यातून चार-पाच दिवस तर घरीच जातात. वर्गशिक्षिका म्हणतात 75 टक्के नाही भरले तर परीक्षेला बसता येणार नाही. मी थेट बोर्डाच्या ऑफिसात जाऊ का? (एक आई, इंदोरा)

ताई, पहिले घाबरणं सोडा अन् हिशोब करा. 75 टक्के हे शाळा जितके दिवस भरली त्याचे असतात, वर्षाच्या 365 दिवसांचे नाही. आणि आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून पुण्याच्या बहिणीच्या शाळेशी दिवस जुळवत बसू नका. समजा शाळा 200 दिवस भरली, तर 150 दिवस हजेरी पाहिजे, म्हणजे 50 दिवस गैरहजर राहिली तरी निभते. तुमचे महिन्याचे पाच धरले तरी आठ महिन्यांचे 40 होतात. म्हणजे कदाचित तुमची पोरगी अजून काठावरही नाही! वर्गशिक्षिकेकडे जाऊन हजेरीपटावरचा नेमका आकडा मागा, "कमी आहे" एवढ्यावर परत येऊ नका.

आणि खरंच कमी असेल तर नागपूरच्या सिव्हिल लाईन्सला बोर्डाच्या विभागीय मंडळात एकट्या जाऊन फायदा नाही, तिथं विचारतात की शाळेचं पत्र कुठाय. रस्ता शाळेतूनच जातो. मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज, त्याला मेडिकल नाही तर मेयो या सरकारी दवाखान्यांचे कागद (भरती केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, नाही तर ओपीडीचे पेपर तारखेसकट) आणि मग मुख्याध्यापक शिफारस लावून तो मंडळाकडे पाठवतात. अर्जाच्या आपल्या कॉपीवर ऑफिसातून शिक्का-तारीख घ्याच, बाई. तोंडी सांगितलेली सुट्टी हजेरीपटावर नुसता 'गै' म्हणून राहते आणि जानेवारीत कोणाला आठवत नाही की त्या आठवड्यात पोरगी सलाईनवर होती.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते सांगते, कारण ते जास्त कामाचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार धरलेला आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ते हातात आलं की दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो, त्यात तासाला 20 मिनिटं जादा वेळ असतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, गणिताच्या दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. दुखऱ्या हातानं लिहिणाऱ्या पोरीला हे लय मोठं आहे. हा अर्ज हॉलतिकिटं यायच्या आधीच गेला पाहिजे. आणि तोंडी किंवा प्रॅक्टिकलच्या दिवशीच त्रास उठला तर त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा, आजारपणामुळे हुकलेल्यांसाठी 'आऊट ऑफ टर्न' परीक्षा असते. पाणी भरपूर पाजा आणि परीक्षेला स्वेटर घालूनच पाठवा, हे मी काय सांगावं म्हणा, तुम्हालाच जास्त माहीत.

प्रश्न : मुलगा सीबीएसईत अकरावीत आहे, जेईईची तयारी चालू आहे. क्लासवाले म्हणतात हजेरीचं टेन्शन घेऊ नका, शाळेचं आम्ही पाहून घेऊ, आणि 75 टक्क्यांची अटही आता राहिली नाही. खरं आहे का? (एक वडील, मनीषनगर)

भाऊ, तुमच्या क्लासवाल्यांनी दोन वेगवेगळे 75 एकाच पातेल्यात शिजवलेत. एक 75 आहे हजेरीचे. दुसरे 75 आहेत बारावीच्या मार्कांचे, ते एनआयटी-आयआयटीच्या ॲडमिशनला लागतात (एससी-एसटी आणि दिव्यांगांना 65) किंवा मग आपल्या बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. त्याचा शाळेत जाण्याशी काही संबंध नाही, आणि दोन्ही अटी आजही जागच्या जागी आहेत.

हजेरीच्या बाबतीत सीबीएसई आता कडक झालीय. आजारपण, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धा असं खरंच कारण असेल तर 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी शाळांना साफ कळवलं की आजारपणाची सुट्टी घेतली की कागद लगेच द्यायचे, नंतर गोळा करून नाही. जेईईची तयारी हे त्यात कारण म्हणून कुठंच बसत नाही. डमी शाळांवर (नाव शाळेत, पोरगा दिवसभर क्लासमध्ये) अचानक तपासण्या होतात, आणि पोरगा वर्गात नाही सापडला तर बोर्डाची परीक्षा अडते, क्लासची नाही. स्टेट बोर्डाच्या, क्लासशी टाय-अप केलेल्या कॉलेजांतही हाच खेळ चालतो, त्यासाठीच 2018 मध्ये शासनानं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचं फर्मान काढलं होतं. पुढं त्याचं काय झालं ते तुम्ही तुमच्या कॉलनीतल्या कुठल्याही पोट्ट्याला विचारा. माझं मत विचाराल तर, "पाहून घेऊ" म्हणणाऱ्याला ते लेटरहेडवर लिहून मागा, बघा देतो का.

प्रश्न : नववीनंतर शाळा सुटली, आता दुकानात कामाला आहे, दहावी द्यायची आहे. हजेरी कुठून आणू? (काटोल)

तुला हजेरी लागतच नाही रे बाबा. तुझ्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे, खासगी विद्यार्थी म्हणून. मंडळाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा निवडायची, कागद तिथंच जमा करायचे. ओरिजिनल टीसी लागते, ती जुन्या शाळेतून आजच मागून ठेव, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. नियमित पोरांच्या बऱ्याच आधी या फॉर्मची तारीख निघून जाते, म्हणून या मार्चचं हुकलं असेल तर शाळा उघडल्या की लगेच वेबसाइट बघत राहा. आणि मालकाला आतापासूनच सांगून ठेव की परीक्षेच्या दिवसांत सुट्टी लागेल.