ऑर्केस्ट्रात मिमिक्री करणारा इंदूरचा मुलगा मालिकांत नट होऊ शकतो का?

होऊ शकतो, झालेलेही आहेत. पण "मिमिक्री चांगली आहे, म्हणजे अर्धं काम झालंच" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ते मला पटत नाही.

मी तुमच्याच वाटेने गेलेला माणूस. इंदूरच्या लोकमान्यनगरच्या गणपतीत सुरुवात केली, मग ऑर्केस्ट्रा. दोन गाण्यांच्या मध्ये वादक सूर जुळवत असतात, तेवढ्यात लोक चहाला उठू नयेत हे बघणं म्हणजे आमची नोकरी. राजकुमार, शत्रुघ्न सिन्हा, अमरीश पुरी, नाना, सगळे आवाज काढून झाले. पुढे मुंबईत बरीच वर्षं हिंदी मालिकांमध्ये हवालदार, भटजी, नायिकेचा भोळा मामा असं काय काय केलं. आता परत इंदुरात आहे. नाव झालं नाही, पोट भरलं. तेव्हा स्टार कसं व्हायचं ते मला विचारू नका.

ऑर्केस्ट्राने एक गोष्ट पक्की दिली, ती म्हणजे निर्लज्जपणा, चांगल्या अर्थाने. माइक गेला, जनरेटर बसला, पहिल्या रांगेतले पार्षद भाषण आटोपून ऐन रंगात उठून निघाले, तरी तोंड चालू ठेवायचं. रोजच्या मालिकेत हे फार कामाला येतं. तिथे सीनचे कागद पुष्कळदा सेटवरच हातात पडतात, आणि तासाभरात शॉट. महिनाभर तालीम करायची सवय असलेले नट सुरुवातीला गडबडतात. आपण नाही.

अडतं ते हशावर. स्टेजवर थांबायचं किती हे लोक ठरवतात. हशा चढतो, आपण थांबतो, उतरायला लागला की पुढची ओळ टाकतो. सेटवर कुणी हसायचंच नाही. लाइटवाल्याला हसू फुटलं तर टेक वाया. तुमची हुकमी ओळ त्या शांततेत पडते आणि तुम्हाला वाटतं, मेलो. मग आपण आवाज चढवतो, भुवया नाचवतो, आणि दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडतो, "सर, थोडा कम." बरं, तीच ओळ आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोजमध्ये, म्हणजे फक्त चेहऱ्यावर. चहाचा कप प्रत्येक वेळी त्याच शब्दाला उचलायचा, नाहीतर एडिटिंगला जुळत नाही. ऑर्केस्ट्राचा माणूस दर वेळी काहीतरी नवं घालणार, कारण आजवर त्याच्याच टाळ्या मिळाल्या. कंटिन्युटी सांभाळणारी मुलगी कपाळावर हात मारून घेते.

याहून मोठी अडचण म्हणजे ऐकणं. आपली नजर कायम प्रेक्षकांवर. सीनमध्ये समोरचा बोलत असताना आपण काय करायचं, हे मिमिक्रीत कुठे शिकायलाच मिळत नाही. तिथे सगळी पात्रं आपणच. आणि कॅमेरा नेमका तुम्ही गप्प असतानाच क्लोज लावतो. मामाची भूमिका मला टिकवता आली ती आवाजामुळे नव्हे. नायिका रडत असताना मामा आपल्या चष्म्याची काडी कशी चाचपतो, एवढ्यावर ती चालली.

जॉनी लिव्हरचं उदाहरण तुम्ही दिलंय, ते नीट बघा. धारावीत वाढलेला मुलगा, हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामगार. तिथल्या कार्यक्रमात त्याने कंपनीच्या साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्याला जॉनी लिव्हर करून टाकलं. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या स्टेज शोमधून तो सिनेमात गेला. साहेबांच्या नकला, हे महत्त्वाचं. हिरोचा आवाज कॅसेट ऐकूनही उचलता येतो. साहेबाची नकल करायची तर तो खुर्ची कशी ओढतो, वरच्या साहेबासमोर कसा वाकतो, हे बघत बसावं लागतं. १९९३ च्या 'बाजीगर'मधला विसरभोळा बाबूलाल कुणाचीच नकल नाही, पण असा माणूस आपण पाहिलाय असं वाटतं. आपल्या इंदूरच्या जॉनी वॉकरचंही तेच. बदरुद्दीन काझी हे मूळ नाव, गिरणी कामगाराचा मुलगा, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर. प्रवाशांना हसवता हसवता बलराज साहनींच्या नजरेत भरले, गुरुदत्तसमोर दारुड्या करून दाखवला आणि १९५१ च्या 'बाजी'त काम मिळालं.

टीव्हीपुरतं बोलायचं तर मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो सुनील ग्रोव्हर. चंदीगडला नाटकाचं रीतसर शिक्षण, विनोदी कलाकार जसपाल भट्टींच्या हाताखाली उमेदवारी, रेडिओवरचं 'सूद' हे पात्र, आणि मग २०१३ मध्ये 'कॉमेडी नाइट्स विद कपिल'मध्ये बाईच्या वेषातली गुत्थी. गुत्थी पाहून लोक वेण्या आणि कपड्यांवर हसले. पण जरा आवाज बंद करून ती बघा. पाहुणे बसलेल्या घरात शिरताना तिला कुणी बोलावलेलं नाही हे तिला ठाऊक आहे, आणि तरी ती शिरते. हे नटाचं काम आहे. म्हणूनच २०२१ मध्ये 'तांडव' या मालिकेत त्याच माणसाने थंड डोक्याचा गुरपाल केला, तेव्हा तो परका वाटला नाही.

जाकिर खान तर आपल्याच गावचा. त्याने भूमिकेची वाट बघितली नाही. 'चाचा विधायक हैं हमारे' ही २०१८ ची मालिका त्याने स्वतःच्या मापाने बेतली, गोष्टही इंदूरचीच ठेवली. मात्र तोवर त्याच्या मागे स्वतःचा प्रेक्षक उभा होता, तुमच्या-माझ्यामागे नाही.

मराठी वाहिन्यांचं विचारलंत. 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघून इथल्या पोरांना वाटतं, हे सगळे मिमिक्रीवाले. त्यातले बहुतेक एकांकिका आणि नाटकं करून आलेत. स्किट म्हणजे लहान नाटकच, समोरचा नट असतो, फक्त प्रेक्षक हसायला तयार बसलेले असतात. आपली 'करून राहिलो'वाली इंदुरी मराठी सोडून पुणेरी बोलायचा आव आणू नका. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडीत बोलून सरपंच घराघरात पोचवला. प्रमाण मराठी मात्र मागितली की बोलता यायला हवी.

आता पैसे. ऑर्केस्ट्रात कार्यक्रम संपला की पाकीट. मालिकेत दिवसाच्या हिशेबाने ठरतं, शिफ्ट बारा तासांची, आणि रक्कम साधारण ९० दिवसांनी खात्यात येते, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन वळतं होऊन. सेट वसईजवळच्या नायगावला, खोली स्वस्त मिळेल तिथे, की दिवस लोकलमध्येच जातो. टीआरपी घसरला की ट्रॅक बदलतो. माझा मामा एका सोमवारी 'गावाला गेला' तो अजून परतलेला नाही. नव्या माणसाने या ९० दिवसांचा हिशेब आधी करावा, अभिनयाचा नंतर. रोल देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्यायचा, मग त्याचं ऑफिस कितीही गुळगुळीत असो.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता लगेच गेलो नसतो. इंदुरात एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये शिरा. जुने रंगकर्मी बाबा डिके यांच्या काळापासून या गावात हिंदी-मराठी नाटक करणारी माणसं आहेत. संवाद कमी असलेली भूमिका मुद्दाम मागून घ्या. इथल्या सानंद या संस्थेची नाटकं येतात, तेव्हा बोलणाऱ्याकडे न बघता गप्प उभ्या असलेल्या नटाकडे बघा. ऑडिशनसाठी मिमिक्रीचा व्हिडिओ पाठवू नका. तो बघणाऱ्याला अमरीश पुरी दिसतात, तुम्ही दिसत नाही. साध्या भिंतीसमोर, स्वतःच्या आवाजात, दोन मिनिटांचा सीन करा आणि समोरच्या ओळी म्हणायला एखादा मित्र घ्या. गणपती आणि गरब्याचा सीझन सोडू नका. तिथली पाकिटं साठवा, दिवाळी झाली की मुंबईत आरामनगरला, जिथे ऑडिशन होतात, चक्कर मारा, आणि चार महिन्यांचं भाडं खिशात नसेल तर तिकीट परतीचंच काढा.