कट्स आधी गोठव, मग डेटा उघड

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. तुझ्या गॅमा किरणांच्या सिग्नलला ३.४ सिग्मा आलंय, म्हणजे निव्वळ योगायोगापेक्षा तो तेवढा वर आहे, आणि कट्स, म्हणजे कुठल्या नोंदी ठेवायच्या नि कुठल्या टाकायच्या त्याच्या मर्यादा, जरा इकडेतिकडे केले तर ४ च्या वर जातंय, फेलोशिप संपत आलीय आणि गाइड म्हणतायत "बघ काही होतंय का". काय करू विचारतेस. काय करू म्हणजे? कट्स आधी गोठवायचे, मग डेटा उघडायचा. तू उघडलायस, आता कट्सना हात लावायचा नाही.

तगमग कळते गं. रेडशिफ्ट ०.६ इतक्या दूरच्या ब्लेझारमागे, म्हणजे आपल्याकडे जेट रोखलेल्या गॅलक्सीमागे लागलीस, म्हणजे सगळ्यात अवघड तेच निवडलंस. तिथून निघालेले टीईव्हीचे, म्हणजे हजार जीईव्ही एनर्जीचे गॅमा फोटॉन वाटेतच, इतकी वर्षं साचलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाला धडकून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होऊन संपतात, आपल्यापर्यंत येतं ते १०० जीईव्हीच्या आसपासचं उरलंसुरलं, आणि तिथे शॉवरची, म्हणजे फोटॉन हवेत शिरल्यावर उडणाऱ्या कणांच्या सरीची इमेज म्हणजे कॅमेऱ्यातले मोजकेच पिक्सेल, काही नॅनोसेकंदांचा उजेड, त्यातली गॅमाची कुठली नि नको असलेल्या कॉस्मिक किरणांतल्या प्रोटॉनची कुठली हे इमेजच्या विड्थ-लेंग्थवरूनही धड सांगता येत नाही. ऑन (सोर्सकडे बघताना) आणि ऑफ (शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघताना) यांत आकाशाचा उजेड किंचित कमीजास्त असला तरी थीटा-स्क्वेअरच्या, म्हणजे सोर्सपासूनच्या कोनाच्या वर्गाच्या आलेखात पहिल्या दोन बिन्समध्ये एक्सेस, म्हणजे जास्तीच्या नोंदी, उभा राहतो. जिथे तुझा सिग्नल असायला हवा तिथेच खोटाही सगळ्यात सहज तयार होतो, आणि तू म्हणतेस साइझ कट, म्हणजे इमेजमध्ये किमान किती उजेड हवा ती मर्यादा, अजून खाली आणते! वीस तऱ्हेचे कट्स लावून त्यातला बरा उचललास तर ट्रायल्स, म्हणजे किती वेळा करून बघितलं ते, धरून तुझं ३.४ अडीचच्या आसपास येतं, हे तुला मी सांगायला हवं का? मागचं उत्तर बघून गणित जुळवणं आहे हे.

१९८० च्या दशकात सिग्नस एक्स-३ या जोडताऱ्यावर असेच तीन-चार सिग्माचे दावे झाले, चांगल्या दुर्बिणी आल्यावर टिकले नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ हिलासनी १९८५ मध्ये आधी सिम्युलेशनवर ठरवलं की गॅमाची इमेज कशी दिसेल, मग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल वेधशाळेच्या १० मीटर दुर्बिणीवर क्रॅब नेब्युला ९ सिग्मानी आला, आणि त्याच रस्त्याने १९९२ मध्ये मार्केरियन ४२१ हा ब्लेझार, आपल्या आकाशगंगेबाहेरचा टीईव्हीतला पहिला सोर्स. क्रम बघ ना!

बी०२१८+३५७ या ब्लेझारचं तर मी सगळ्यांनाच सांगतो. जुलै २०१४, फर्मी या गॅमा किरणांच्या उपग्रहाला फ्लेअर, म्हणजे अचानक भडका दिसला आणि नेमकी पौर्णिमा, ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणींना बघताच आलं नाही. पण मधली गॅलक्सी भिंगासारखा प्रकाश वाकवते, त्या लेन्सिंगमुळे दुसऱ्या, लांबच्या वाटेने तोच फ्लेअर साधारण साडेअकरा दिवसांनी पुन्हा येणार हे आधीच्या मोजमापावरून माहीत होतं. त्या रात्री दुर्बीण तिकडे वळवली आणि आला. रेडशिफ्ट ०.९४४, सात अब्ज वर्षांपेक्षा जुना प्रकाश. कधी बघायचं ते आधी ठरलं, डेटा नंतर.

मला अजून ऐकवतात की तुझ्या हट्टामुळे पेपर गेला. एका सोर्सवर आमच्याकडेही साडेतीनच्या आसपास होतं, मी सही केली नाही, पुढच्या सीझनला जास्त डेटा घेऊ म्हटलं, मग ढग, मग आरशांचं काम, तोवर दुसऱ्यांनी तो सोर्स नीट डिटेक्ट करून छापला. म्हणतात, बघ, खरा होता की नाही! अहो, सोर्स खरा होता, आमचा एक्सेस खरा होता हे कुणी दाखवलं? त्यात दोन पोरांची पोस्टडॉक लांबली, ते सलतं मला, आजही सलतं. पण सही आजही करणार नाही.

तर आता असं कर. त्याच गोठवलेल्या कट्सनी ९५ टक्क्यांचं अपर लिमिट, म्हणजे सिग्नल असलाच तर जास्तीत जास्त किती, ते काढ, त्याच रात्रींचा फर्मीचा स्पेक्ट्रम वरच्या एनर्जीकडे ताण, वाटेतलं शोषण घाल, आणि तुझं लिमिट त्याच्या खाली येतंय का बघ. आलं तर बहुधा त्या जेटमध्येच कटऑफ, म्हणजे वरच्या एनर्जीला स्पेक्ट्रम तुटणं, असणार, आणि मग चांगला पेपर आहे तो. कुठलं ईबीएल मॉडेल, म्हणजे वाटेतल्या त्या साचलेल्या प्रकाशाचं मॉडेल, घेतलंस ते लिही. गाइडना पटलं नाही तर रविवारी फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी.