करारावर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

अभिनंदन! रोजची चित्रमालिका, तीन वर्षांचा करार आणि महिन्याच्या महिन्याला पैसे. आपल्या धंद्यात, जिथे मुखपृष्ठाचं मानधनसुद्धा चार फोन केल्याशिवाय येत नाही, तिथे हे मोठंच आहे. पण तू विचारतोस, ‘यात माझं पेंटिंग मरेल का?’ उत्तरादाखल तूवे यान्सन या फिनिश चित्रकार-लेखिकेबद्दल लिहितो.

ही हेलसिंकीची, जन्म 1914चा. वडील शिल्पकार. आई सिग्ने रेखाटनं करून संसाराला हातभार लावायची. फिनलंडची कितीतरी टपाल तिकिटं तिच्या हातची. पोटासाठी चित्र काढण्यात कमीपणा असतो, हे त्या घरात कोणी शिकवलंच नसणार. तूवे पंधराव्या वर्षापासून ‘गार्म’ या उपहासात्मक मासिकात चित्रं काढू लागली. 1938 सालचं तिचं एक मुखपृष्ठ जरूर शोधून बघ. हिटलर म्हणजे भोकाड पसरलेलं हट्टी पोर, त्याला आणखी केक हवाय, आणि त्याची समजूत काढायला भोवती मोठी माणसं. पानभर भाषणाचं काम एका रडक्या तोंडाने केलंय. आणि हे ऑर्डरीचं काम होतं बरं का!

याच मासिकात ती सहीशेजारी लांब नाकाचा एक प्राणी काढून ठेवायची. त्यातूनच पुढे मूमिन आला, तिच्या मुलांच्या पुस्तकांचा नायक. पहिलं पुस्तक 1945चं. 1954पासून लंडनच्या ‘ईव्हिनिंग न्यूज’मध्ये मूमिनची चित्रमालिका सुरू झाली आणि तिचं नाव देशोदेशी पोचलं. करार सात वर्षांचा होता. आठवड्याला सहा पट्ट्या, म्हणजे चित्रमालिकेचे सहा दिवसांचे भाग, वर कथानकंही सुचायला हवीत. ती पार थकून गेली. मुदत संपली तेव्हा तिने करार वाढवला नाही; काम भाऊ लार्सकडे सोपवलं, त्याने ते 1975पर्यंत चालवलं.

बाजाराने कलावंताला कसं गिळलं, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ते पटत नाही. त्या पैशाने तिची ओढाताण थांबली. शिवाय 1957 साली, ऐन कराराच्या धबडग्यात, तिने हिवाळ्यावरचं मूमिन-पुस्तक केलं. त्यातली काही चित्रं काळ्या पृष्ठावर खरवडून काढलेली आहेत: आधी सगळा अंधार, मग त्यातून ओरखड्या-ओरखड्याने उजेड. दैनिकाच्या घाईत असलं काम होत नाही. साठच्या दशकात ती पुन्हा कॅनव्हासकडे वळली, प्रदर्शनं भरवली. जोडीदार तूलिक्की पिएतिला हीदेखील चित्रकार. दोघींनी क्लोव्हहारू नावाच्या खडकाळ बेटावर छोटं घर बांधलं आणि पुढचे कित्येक उन्हाळे तिथे काम केलं.

तेव्हा सही कर, पण आधी काही गोष्टी लेखी घे. मुदत संपल्यावर करार आपोआप वाढत नाही ना? तू आजारी पडलास तर पट्ट्या कोण काढणार? सुरू करण्याआधी निदान महिनाभराचा साठा हाताशी ठेव. रविवार पेंटिंगचा, त्या दिवशी संपादकाचा फोनही घ्यायचा नाही. आणि पात्रांचे हक्क कोणाकडे, हे कलम मला नेमकं बघायचंय. कराराची प्रत उद्याच पाठव. वकिलाशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
काका