बुधवारची दुपार मागून घ्या

प्रश्न : मॅडम, मी एमडी मेडिसिन आहे. सक्तीच्या सरकारी सेवेचं बाँडचं वर्ष संपवून विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून लागले. आठवड्यात दोन ओपीडी, प्रत्येकीला दीडशेच्या आसपास पेशंट. शिवाय वॉर्ड, इमर्जन्सी, विद्यार्थ्यांची क्लिनिक्स. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा झालेले पेशंट रोज येतात. काहींना प्राथमिक आरोग्य केंद्रात विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलेलं असतं, काही थेट आमच्याकडे आलेले असतात. या दोघांत फरक पडतो असं मला सारखं वाटतं, पण किती पडतो ते कुणालाच सांगता येत नाही. यावर नीट काम करायची इच्छा आहे. एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणतात, "कर की, वेळ काढून कर." घरी सासरे म्हणतात, आता गावात हॉस्पिटल टाकू. मी पीएचडीला नाव नोंदवू, की हा नाद सोडून देऊ?

उत्तर : माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली तुझ्याच वयाच्या होत्या, म्हणून तुला एकेरीतच लिहिते.

नाद सोडू नकोस. पीएचडीचा अर्जही आत्ताच भरू नकोस. आधी तुझ्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाच : "वेळ काढून कर." हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं ऐकलं आणि त्याच वाक्यापायी किती हुशार मुलं संशोधनातून बाहेर पडली, ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सरकारी हॉस्पिटलात वेळ काढून निघत नाही, तो ड्यूटीच्या तक्त्यावर लावून घ्यावा लागतो. काढलेला वेळ म्हणजे इमर्जन्सी करून आल्यानंतरची दुपार, नाहीतर रात्री अकरानंतर, मूल झोपल्यावर. त्या वेळात फॉर्म भरून होतात, डोकं चालत नाही.

म्हणून सरांकडे बुधवारची दुपार माग. दोन ते पाच, लेखी, युनिटच्या तक्त्यावर तुझ्या नावासमोर. मागायला जाताना त्या तीन तासांत वॉर्ड कोण बघणार, हे सहकाऱ्याशी आधीच ठरवून जा, कारण सरांची खरी अडचण तेवढीच असते. इंग्लंडात अ‍ॅकॅडेमिक क्लिनिकल फेलो म्हणून लागलेल्या डॉक्टरच्या कामाच्या वेळेतला पाव हिस्सा संशोधनासाठी राखलेला असतो. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची के-मालिकेतली अनुदानं घेणाऱ्या बहुतेक डॉक्टरांचा पाऊण वेळ संशोधनासाठी मोकळा ठेवण्याची हमी त्यांच्या संस्थेला द्यावी लागते. तू तर आठवड्यातले तीनच तास मागते आहेस. मागताना संकोच करू नकोस.

आपल्याकडची स्थिती सांगते. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची मोजदाद प्रसिद्ध केली होती. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यातल्या ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. ते वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. त्या ३३२ ठिकाणी पेशंट होते, तुझ्यासारखे डॉक्टर होते आणि त्यांनाही प्रश्न पडत असणारच.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तो अस्सल आहे आणि तुझ्याच वॉर्डातून आला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तू विसरली नसशील. आणि असं काम मोठ्या संस्थेतच होतं असं कुणी म्हणालं, तर त्याला बारामतीचं उदाहरण दे. तिथल्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विषबाधेच्या २०० रुग्णांवर प्रॅलिडॉक्झिम या उताऱ्याच्या औषधाची चाचणी केली. औषध ठरावीक तासांनी टोचत राहायचं की सलग ठिबकत ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. सलग दिलेल्या गटाला फायदा झाला आणि २००६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत प्रॅलिडॉक्झिमचा फायदा दिसला नाही आणि वाद पुन्हा उघडा पडला. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाच. रुग्ण कुठले, किती वेळाने आले, किती गंभीर होते, हे ताडून बघ. एका बुधवारी तेवढंच झालं तरी पुरे.

तुझ्या अभ्यासात दोन खड्डे मला आत्ताच दिसतात. पहिला असा : आरोग्य केंद्रात आधी इंजेक्शन कुणाला मिळतं? ज्याची तब्येत जास्त बिघडलेली दिसते त्याला. मग अ‍ॅट्रोपिन घेऊन आलेलेच जास्त दगावलेले दिसतील आणि तू अगदी उलटा निष्कर्ष काढून बसशील. दुसरा याहून वाईट. जो वाटेतच गेला तो तुझ्या रजिस्टरात येतच नाही. म्हणजे थेट आलेल्यांमध्ये तुला दिसतात ते फक्त तग धरून पोचलेले. यावर उपाय आहेत, पण ते आकडे गोळा करण्याआधी योजावे लागतात. तेव्हा पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे पहिल्याच आठवड्यात जा. पीजीला असताना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स तू केला असशील, तो सक्तीचाच आहे. त्यातली व्याख्यानं आता स्वतःचा प्रश्न हातात धरून पुन्हा ऐक. परीक्षेसाठी ऐकलेलं आणि हे, यांत फार अंतर पडतं.

नोंदीचा कागद एकाच पानाचा ठेव. विष पोटात गेलं की फवारताना अंगावर आलं, किती वाजता, डबा कोणता; पहिलं अ‍ॅट्रोपिन किती वाजता, किती अँप्युल; आल्यावर बाहुल्या, नाडी, घाम, छातीतली घरघर; व्हेंटिलेटर लागला का, किती दिवस; शेवट काय झाला. याहून जास्त रकाने केलेस तर रात्री दोनला रेसिडेंट ते भरणार नाही.

हे सांगते त्याला कारण आहे. मी लेक्चरर असताना क्षयाच्या मेंदूज्वराच्या पेशंटांचं एक रजिस्टर ठेवलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, दोनशे पानी, लाल पेनानं आडवे रकाने आखलेले. सिस्टरांच्या टेबलाच्या डाव्या खणात ते असायचं. तीन वर्षं त्यात नोंदी झाल्या. मग माझी बदली झाली. महिनाभराने रजिस्टर न्यायला परत गेले तर वॉर्ड रंगवायला काढला होता आणि खणातला सगळा कागद रद्दीत गेला होता. मुकादमानं मला रिकामा खण उघडून दाखवला. त्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, तेवढाच उरला होता. तीन वर्षांतले ते पेशंट, त्यांच्या आयांनी सांगितलेल्या ताप सुरू झाल्याच्या तारखा, काही म्हणजे काही राहिलं नाही. तू दर शनिवारी नोंदी कॉम्प्युटरवर चढव आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेव. पेशंटचं नाव तिथे नको, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळी, कुलपात. हे सगळे पेशंट एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसेस असतात, त्यामुळे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नकोस, सरांनाही नाही. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पहिली नोंद करायची नाही. बेशुद्ध पेशंटची संमती नातेवाइकांकडून कशी घेणार आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा कसं विचारणार, हे प्रस्तावातच लिही.

पैशांची फार गरज नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने अनेक सरकारी महाविद्यालयांत मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट काढलेलं आहे. तुमच्याकडे असेल तर तिथल्या नोडल ऑफिसरला भेट. वर्षभराचं काम उभं राहिलं, प्रश्न आणखी मोठा झाला, की मग पीएचडीचा विचार कर. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सने डॉक्टरांसाठी वेगळ्या फेलोशिप ठेवल्या आहेत, त्याही तेव्हा बघ. स्वतःचा प्रश्न नसताना घेतलेली पीएचडी गाइडच्या प्रश्नावर खर्ची पडते.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. त्यांना कामाला लाव. गावात कुणाला विषबाधा झाली तर आधी कुणाकडे नेतात, गाडी कुणाची मिळते, आरोग्य केंद्रापर्यंत किती वेळ लागतो, मध्ये कुठे थांबतात, मिठाचं पाणी पाजतात का, हे त्यांना माझ्या-तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तुझ्या अभ्यासाला ते लागणारच आहे. एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बस.

प्रश्न : मुलगा सांगलीकडे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) दोन महिन्यांचा प्रोजेक्ट करायचा म्हणतो. यात अभ्यास मागे पडेल, पुढे नीट-पीजी आहे. आणि संशोधनात पोट भरतं का? — एक वडील

उत्तर : करू द्या. ही शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. काम दोन महिन्यांचं, गाइड त्याच्याच कॉलेजातला, आणि छात्रवृत्ती मिळते ती अहवाल मंजूर झाल्यावर. दुसऱ्या वर्षातल्या दोन महिन्यांनी नीट-पीजी बुडत नाही. लक्ष एवढंच ठेवा की प्रश्न त्याचा असावा. गाइडच्या जुन्या विषयाचा तुकडा तोडून हातात दिला असेल, तर त्याला त्यातून एक प्रमाणपत्र मिळेल आणि संशोधन म्हणजे कंटाळा, हा समज कायमचा बसेल. जेवताना त्याला विचारा, "तू नेमकं काय शोधतो आहेस?" त्यानं दोन वाक्यांत तुम्हाला समजेल असं सांगितलं, तर गाडी रुळावर आहे.

पोट भरतं. खासगी प्रॅक्टिसइतका पैसा मिळत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण पेशंट बघणं आणि संशोधन यांत एकच निवडावं लागतं, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे पेशंट बघणारेच डॉक्टर. त्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला आणि आपली बाळं वजनाला कमी असूनही अंगात चरबी बाळगून जन्मतात, हे त्यातून पुढे आलं.

प्रश्न : साखर कारखान्याच्या पट्ट्यात बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तोडणीच्या हंगामात तिशी-पस्तिशीच्या ऊसतोड कामगारांमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची खूण, वाढलेलं दिसतं. साखर नाही, बीपी नाही. हे लिहून काढावं असं वाटतं, पण मी कॉलेजात नाही, साधा डॉक्टर आहे. मला कोण विचारणार? — एक वाचक डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एल साल्वादोर आणि निकाराग्वामधल्या ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाचा असाच आजार दिसला. तिथे उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांच्याकडे बोट दाखवलं जातं. आपल्या फडात काय चाललं आहे ते तुमच्यासारख्यानेच पाहायला हवं.

कोण विचारणार, म्हणता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातला लाल विंचू चावलेली पोरं त्यांच्यासमोर दगावत होती. एकेका पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि १९८२ साली 'लॅन्सेट'ने ती छापली. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी यात वापरलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे २०११ मध्ये ७० रुग्णांवरची त्यांची चाचणी 'बीएमजे'मध्ये आली : प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेही साधे डॉक्टरच.

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला गाठा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, स्वतःची एथिक्स कमिटी नसलेल्याला करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. तिथल्या मेडिसिनच्या किंवा पीएसएमच्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला सोबत घ्या. त्याला प्रश्न हवा असतो, तुम्हाला संख्याशास्त्र. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, त्याच माणसाची तपासणी, त्याच प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा बदलली की क्रिएटिनिनचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. बायकांनाही घ्या. कोयता म्हणजे जोडपं, आणि फडात पाण्याविना तीही तितकीच राबते. लघवीला जागा नाही म्हणून ती पाणी आणखी कमी पिते, हे तुम्हाला माहीत असेलच.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. संमती मुकादमामार्फत घेऊ नका. कामगारांनी त्याच्याकडून उचल घेतलेली असते. तो "रक्त द्या" म्हणाला तर कुणी नाही म्हणू शकत नाही. प्रत्येकाला तुमच्या दवाखान्यात, एकट्याला बसवून, त्याच्या बोलीत सांगा. नाही म्हणाला तरी औषध तेवढंच मिळेल, हेही सांगा. आणि अहवालात बिघाड निघाला तर तो कारखान्याला किंवा मुकादमाला कळता कामा नये, नाहीतर पुढच्या वर्षी त्याचा कोयता कुणी लावणार नाही.

एथिक्स कमिटीला दोन-तीन महिने धरा. दसरा-दिवाळीला टोळ्या यायला लागतात, म्हणजे प्रस्ताव आषाढात जायला हवा.